गळ्यातील पट्टा : रक्षण कोणाचे?

ज्या वस्तूची योजना रक्षणासाठी केली, तीच घाताला कारण झाली तर दोष कोणाकडे जातो? वस्तू जड आहे. तिला हेतू नाही. ती वापरणाऱ्याचा हेतू चांगला होता. ज्याच्याकडून प्रत्यक्ष घात घडला, तो अजाण होता. अशा वेळी ‘दैवात होते’ असे म्हणून विषय मिटविण्याची आपली रीत आहे. त्या रीतीत दुःखी माणसाला दिलासा मिळतो हे खरे. परंतु विचार तेथेच थांबतो. हा प्रश्न युद्धे, धरणे, औषधे अशा मोठ्या उदाहरणांवरून नेहमी मांडला जातो. आम्ही तो एका लहानशा घरगुती वस्तूवरून मांडू इच्छितो. ती वस्तू म्हणजे पाळीव कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा.

विषय क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. तथापि नीतीचे प्रश्न क्षुद्र वस्तूंतच अधिक स्वच्छ दिसतात, कारण तेथे स्वार्थाचा व पक्षाभिमानाचा धुरळा कमी असतो.

माणूस जनावराच्या गळ्यात जे काही बांधतो, त्याचे हेतू पाहिले तर ते मुख्यतः तीन आढळतात. गाईच्या गळ्यातील घंटा ती कोठे चरते आहे हे कळावे म्हणून असते. ओढाळ गुराच्या गळ्यातील लोढणे त्याने धावू नये, परक्याच्या शेतात शिरू नये म्हणून असते. हिमालयातील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा घालतात, तो बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वी व्हॅरो या रोमन ग्रंथकारानेही शेतीवरील आपल्या ग्रंथात राखणीच्या कुत्र्यांसाठी अशाच खिळे ठोकलेल्या चामडी पट्ट्याचे वर्णन केले आहे. घंटेचा हेतू ओळख, लोढण्याचा निर्बंध, काटेरी पट्ट्याचा रक्षण. आजच्या शहरी कुत्र्याच्या पट्ट्यात हे तिन्ही हेतू एकवटले आहेत. त्यावर नगरपालिकेचा बिल्ला लटकतो, त्याला साखळी अडकते, आणि त्याच्यामुळे कुत्रे रस्त्यावर वाहनाखाली जात नाही. यांत चौथा हेतू शोभेचा मिसळला आहे. त्याविषयी न बोललेले बरे.

ओळखीचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोट भागात मोठा दंगा झाला. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत होते. बक्षिसाच्या लोभाने मारेकऱ्यांनी घरची कुत्रीही सोडली नाहीत. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज त्यामुळे खवळून उठला. धनी नसणे हाच ज्या काळी कुत्र्याचा अपराध ठरत होता, त्या काळी गळ्यातील खूण म्हणजे अभयपत्रच म्हटले पाहिजे. पट्टा ही गुलामगिरीची खूण होय, असे एकाच वाक्यात निकालात काढणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

आता दुसरी बाजू पाहू. दोन कुत्री एकमेकांशी खेळतात तेव्हा पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचे अंग उंच करून एक प्रकारचे निमंत्रण देतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अमेरिकन अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्री, लांडगे व कोल्ह्याच्या जातीचे कायोट यांच्या खेळाचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांनी असे दाखविले की ज्या चाव्याचा अर्थ विपरीत होण्याचा संभव असतो, त्याच्या आगेमागे हे वाकणे विशेषेकरून दिसते. ‘आता जे करीन तो खेळ समज’ हा त्या वाकण्याचा अर्थ. खेळात बलवान कुत्रे मुद्दाम खाली पडते, पाठलाग करणारे आळीपाळीने पुढे पळते. थोडक्यात, या खेळाला त्यांचा स्वतःचा धर्म आहे, आणि तो ती सहसा मोडीत नाहीत.

त्या धर्मात पट्ट्याला मात्र जागा नाही. खेळताना कुत्री एकमेकांच्या गालाला व मानेला तोंड लावतात, कारण तेथील कातडी सैल असते. गळ्यात पट्टा असला की एकाचा खालचा जबडा किंवा सुळा दुसऱ्याच्या पट्ट्याखाली सरकतो आणि अडकतो. अडकलेले घाबरून मागे ओढते. दुसरेही निसटू पाहते, गडबडा लोळते. एका लोळणीसरशी पट्ट्याला पीळ बसतो. पीळ बसलेला पट्टा हा फासच. एकाचा श्वास कोंडतो आणि दुसऱ्याचा जबडा किंवा दात मोडू लागतो. दोघांनाही सुटका हवी असते, पण प्रत्येकाची सुटकेची धडपड दुसऱ्याचा फास आवळते. त्यातून पट्ट्याला बक्कल असेल तर त्याची कडी निघण्यासाठी पट्टा आधी किंचित अधिक ओढावा लागतो. ताणलेल्या पट्ट्यात ते जवळजवळ अशक्य असते. प्लास्टिकच्या चापालाही ताणाखाली दाबणे अवघड जाते. हे सारे काही मिनिटांत घडते.

असा एक प्रसंग आमच्या वसाहतीच्या मैदानावर तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात घडला. दीड वर्षाचा एक लॅब्रेडॉर आणि एक गावठी कुत्री यांची कित्येक महिन्यांची मैत्री होती. त्या सकाळी कुत्रीचा सुळा लॅब्रेडॉरच्या नायलॉनच्या पट्ट्यात अडकला व पट्ट्याला पीळ बसला. फिरावयास आलेल्या मंडळींना दिसले ते एवढेच की गावठी कुत्रीचे दात विलायती कुत्र्याच्या गळ्याशी आहेत आणि रक्त ठिबकते आहे. दोघातिघांनी काठ्यांनी तिला बडविण्यास आरंभ केला. मार चुकविण्यासाठी ती मागे ओढू लागली आणि फास आणखी आवळला. माळ्याने झाडे छाटण्याची कात्री आणून पट्टा कापला, तोवर लॅब्रेडॉर बेशुद्ध झाला होता. तो वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या समितीकडे अर्ज आला की हिंस्र कुत्रीला वसाहतीतून हलवावे. दोन्ही बाजू ऐकून घेण्याचे काम आम्हांवर व आणखी एका रहिवाशांवर सोपविण्यात आले. सरकारी सेवेत असताना ‘जबाबदारी निश्चित करावी’ हा शेरा आम्ही असंख्य फायलींवर वाचला व लिहिलाही होता. त्या अनुभवातून एक गोष्ट ठाऊक होती. जबाबदारी बहुधा त्याच्याच नावावर निश्चित होते, ज्याला उत्तर देता येत नाही. येथे तर आरोपीला वाचाच नव्हती, आणि जात गावठी. म्हणून आम्ही प्रथम पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी सांगितले की मृत कुत्र्याच्या मानेवर चाव्याची एकही जखम नव्हती. सभोवार केवळ पट्ट्याचा वळ होता. रक्त होते ते कुत्रीच्याच मोडलेल्या दाताचे.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिरामागून चालणारे कुत्रे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच महाग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, दुसरे एक कुत्रे आहे, त्याचे स्मरण फारसे होत नाही. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिलू आले. त्याने हवीला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी जनमेजयाच्या भावांनी त्यास मारले. सरमेने येऊन जाब विचारला आणि कोणीही उत्तर दिले नाही, तेव्हा तिने शाप दिला की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. मैदानावरील प्रकाराचा विचार करताना आम्हांस ही कथा नव्याने उमगली. न दिसणारे भय म्हणजे काय? आपण ज्याला शत्रू समजून मारतो तो निरपराध असतो आणि खरे कारण आपल्याच हाताने बांधलेले, डोळ्यांसमोर असून न दिसणारे असते, ते भय.

येथे दोन चांगले हेतू एकत्र आले व त्यांनी मिळून एक जीव घेतला. पट्टा प्रेमाने घातला होता. काठी दयेने उचलली होती. मग कोणी दोषी नाही काय? आमचे मत असे की अज्ञानाला दोष म्हणता येत नाही, पण अज्ञान उघडकीस आल्यावर त्याचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडणे हा दोष खराच. शिवाय, एकदा कळल्यानंतर पूर्वीचे निर्दोषत्व पुन्हा वापरता येत नाही. पहिला अपघात हा अपघात असतो. त्याच कारणाने झालेला दुसरा अपघात हा निष्काळजीपणा होय. या अर्थाने ज्ञान हे भूषण कमी आणि ओझे अधिक आहे. या लेखाचा वाचकही आता त्या ओझ्यातून सुटलेला नाही.

कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेचे कलम २८९ आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेचे कलम २९१ ही दोन्ही जनावर बाळगणाऱ्याच्या निष्काळजीपणाविषयी आहेत. परंतु त्यांची दृष्टी जनावरापासून माणसाला होणाऱ्या धोक्याकडे आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे कलम ३ उलट दिशेने पाहते. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्या प्राण्याच्या हितासाठी आणि त्यास अनावश्यक वेदना होऊ नयेत म्हणून सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत, असे ते सांगते. याच कायद्याच्या कलम ११ अन्वये अवाजवी आखूड वा जड साखळीने प्राण्यास अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा अपराध आहे, आणि सदैव बांधलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हाही अपराध आहे. ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूच्या प्रकरणात निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला. त्यांत इजेपासून मुक्ती हे एक, आणि स्वभावानुसार वागण्याची मोकळीक हे दुसरे.

वरवर पाहता ही दोन स्वातंत्र्ये परस्परविरोधी वाटतात. इजा टाळावयाची तर खेळ बंद करा; खेळू द्यावयाचे तर इजा पत्करा. आमच्या समितीतही काहींनी हाच सोपा उपाय सुचविला होता की यापुढे मैदानावर कुत्री सोडूच नयेत. संकट आले की दुर्बळाचे स्वातंत्र्य प्रथम आखडते घ्यावयाचे, हा आपला जुना परिपाठ आहे. मुलीला छेडले की मुलीचेच बाहेर जाणे बंद, तसाच हा न्याय. परंतु धोका खेळात नव्हता, धोका पट्ट्यात होता. आणि पट्टा आपण घातलेला. तेव्हा काढावयाचे असेल तर त्यांच्या स्वभावातले काही काढण्याऐवजी आपण चढविलेले काढावे.

सुरुवातीस सांगितलेले तीन हेतू येथे कसोटीस लावून पाहावेत. मैदानाला कुंपण आहे, फाटक बंद आहे, धनी समोर उभा आहे. मग ओळखीची गरज नाही. साखळी सोडलेलीच आहे. मग निर्बंधाची गरज नाही. बिबट्या नाही, मग नरड्याच्या रक्षणाची गरज नाही. तिन्ही हेतू गळून पडले तरी पट्टा राहतो, तो केवळ सवयीने. हेतू संपल्यावर उरलेले बंधन हे बंधन घालणाऱ्याच्या आळसाचेच दुसरे नाव होय.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की असे प्रसंग क्वचितच घडतात. हे मान्य. १९४७ साली न्यूयॉर्कच्या बंदरातील एका मालवाहू बार्जेच्या खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी एक हिशेब मांडला होता. अपघाताचा संभव आणि त्याने होणारी हानी यांच्या गुणाकारापेक्षा खबरदारीचा भार कमी असेल, तर खबरदारी न घेणे हा निष्काळजीपणा. येथे संभव थोडा, हानी मात्र कधीही भरून न येणारी, आणि खबरदारीचा भार बक्कल काढून पुन्हा लावण्याइतका. या हिशेबात आम्ही एकच भर घालू. ज्याला धोका कळत नाही आणि ज्याची संमती घेता येत नाही, त्याच्या वतीने हिशेब करताना तराजू थोडा त्याच्याकडे झुकवावा.

दुसरा आक्षेप असा की भांडण जुंपले तर पट्ट्यावाचून कुत्रे धरणार कसे? परंतु जुंपलेल्या कुत्र्यांच्या मानेजवळ हात नेणे हेच धन्यास चावा बसण्याचे एक नेहमीचे कारण आहे. ज्या दोन कुत्र्यांचे भांडण जुंपेल अशी शंका आहे, त्यांना एकत्र सोडूच नये, हे खरे उत्तर. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. फाटक उघडे राहिले आणि बिनपट्ट्याचे कुत्रे पळाले तर ते ओळखावे कसे? यावर आता उपाय आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी क्रमांकाची मायक्रोचिप कुत्र्याच्या खांद्यांमधील कातडीखाली बसविता येते. ती वाचण्यास यंत्र लागते, म्हणून ती पट्ट्याची जागा पूर्णपणे घेत नाही; पण हरवलेल्या कुत्र्याचा धनी शोधण्यास उपयोगी पडते. ताण पडताच आपोआप उघडणारे पट्टेही मिळतात. त्यांना दोन कड्या असतात. साखळी दोन्ही कड्यांतून ओवली की पट्टा उघडत नाही, सोडली की उघडतो. बंधन केव्हा टिकावे आणि केव्हा तुटावे हे ज्याला समजते, असे हे एक शहाणे बंधन आहे.

बाकीची खबरदारी साधी आहे. आवळणारी साखळी किंवा आतून दाते असलेला पट्टा खेळताना कधीही गळ्यात नसावा. छातीवरून घालावयाचा पट्टाही काढावा, कारण त्यातही जबडा व पाय अडकतात. एरवीच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. आणि अडकलेच, तर मारू नये, ओढू नये. दोन्ही कुत्र्यांना एकमेकांजवळ आणावे, म्हणजे ताण सैल होतो. पीळ ज्या दिशेने बसला त्याच्या उलट दिशेने एकास फिरवावे. ते न साधल्यास पट्टा कापावा. यासाठी दणकट कात्री हाताशी असावी.

मैदानावरील प्रकरणाचा शेवट सांगितला पाहिजे. आमचा अहवाल लॅब्रेडॉरच्या धन्यांनी वाचला व काही न बोलता परत केला. कुत्री वसाहतीत राहिली. पंधरा दिवसांनी मैदानाच्या फाटकाशी खुंट्या ठोकलेली एक फळी लागली, आत जाताना पट्टे अडकविण्यासाठी, आणि तिच्या बाजूस दोरीने बांधलेली एक कात्री. ती फळी त्यांनीच लावून घेतली होती. त्या दोन घरांत अजून जाणे-येणे नाही. परंतु फळीचा उपयोग दोघेही करतात.

मूळ प्रश्नाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या छापखान्यात इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या. त्याच इसापची लांडगा आणि कुत्रा ही गोष्ट आपण बालपणी वाचलेली असते. कुत्र्याच्या मानेवरील पट्ट्याचा वळ पाहून लांडगा सुखाचे अन्न नाकारतो व रानात परततो. त्या गोष्टीत दोनच मार्ग आहेत, पट्टा व पोटभर अन्न, नाही तर रान व उपास. उलट कबीराने स्वतःला रामाचे कुत्रे म्हटले आणि गळ्यातील रामाच्या दोरीत धन्यता मानली. ती दोरी त्याने स्वतः मागून घेतली होती, म्हणून ती भक्ती. घरच्या कुत्र्याने पट्टा नाकारलाही नाही आणि मागितलाही नाही. त्याने केवळ मान पुढे केली. या विश्वासामुळेच आपले उत्तरदायित्व लांडग्याच्या व कबीराच्या दोन्ही उदाहरणांहून अधिक आहे.

हा विचार कुत्र्यापाशी थांबत नाही. तान्ह्या मुलाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून आपण काळा दोरा किंवा ताईत बांधतो. पाळण्यात तो अडकून मुलास फास बसू शकतो, म्हणून डॉक्टर तो काढावयास सांगतात. आजीला हे रुचत नाही. परंतु तिने रक्षणासाठीच बांधला होता ना? मग रक्षणासाठीच काढावा. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखाबाहेर राहिलेल्या कुटुंबांनी भाषा, कुळाचार, सोयरिकी यांचे बंध घट्ट ठेवले, म्हणून आपण टिकलो. त्या बंधांविषयी आम्हांस कृतज्ञता आहे. पण बांधणाऱ्याची जबाबदारी गाठ मारल्याने संपत नाही. कोणता बंध अजून राखतो आहे आणि कोणता फक्त आवळतो आहे, हे अधूनमधून दोन बोटे घालून पाहावे लागते. माणूस निदान आवळल्याचे तोंडाने सांगतो. जनावरास तेही साधत नाही. म्हणून त्याच्या पट्ट्याखाली बोटे घालून पाहण्याचे काम आपलेच.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवरील जू उतरविण्याची आपली रीत आहे. बैल पळून जाईल असे त्या दिवशी कोणी म्हणत नाही. वर्षातून एक दिवस का होईना, उतरविणे हाही धर्माचा भाग आहे हे ज्यांनी ठरविले, त्यांना बांधण्याचा अर्थ पुरता कळला होता असे आम्ही समजतो.